शिकारीचा परवाना आणि गावाचा वाटा

१८०९ ते १८२९ या वीस वर्षांत रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाने अहमदनगरच्या माळरानांवर ९६१ माळढोक मारले. आज साऱ्या जगात मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरले असतील. म्हणजे एका माणसाने एकाच जिल्ह्यात जेवढे पक्षी टिपले, त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकीच त्या जातीची एकूण शिल्लक आहे. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. नर पंधरा किलोपर्यंत भरतो आणि गवतात उभा राहिला तरी त्याची उंच मान लांबून दिसते. असा पक्षी बंदुकीपुढे किती टिकणार? आणि मॅन्सफील्डने कोणताही कायदा मोडला नव्हता, कारण मोडायला तेव्हा कायदाच नव्हता.

दोनशे वर्षांनी याच जिल्ह्यात पुन्हा बंदुकीची चर्चा आहे. आता ती छंदापोटी नाही, भीतीपोटी आहे. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, कोपरगाव, नेवासा, जिथे ऊस तिथे बिबट्या. २०२५च्या हिवाळ्यात अहिल्यानगरमध्ये, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, आणि शेजारच्या पुणे जिल्ह्यात बिबट्यांनी माणसं मारली, लहान मुलं मारली. लोकांनी रस्ते अडवले. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात वनखात्याच्या नेमबाजांनी एक बिबट्या गोळी घालून मारला. त्याच सुमारास बिबट्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातून काढावं, माद्यांची नसबंदी करावी, ठरावीक संख्येने मारायची परवानगी द्यावी, असे सगळे उपाय एकदम चर्चेत आले. यातला शेवटचा उपाय जगाला नवा नाही. आफ्रिकेत आणि मध्य आशियात गेली काही दशकं मोठ्या जनावरांची परवान्याने शिकार होते. तिने प्राणी वाचल्याची उदाहरणं आहेत आणि बुडाल्याचीही. हे नेमकं कसं घडतं ते समजून घेतल्याशिवाय आपल्याकडे हो किंवा नाही म्हणणं बरोबर नाही.

परवान्याच्या शिकारीमागचा हिशोब असा मांडला जातो. एखाद्या मुलखातली जनावरं मोजायची. त्यातली किती गेली तरी कळपाला धक्का बसणार नाही ते ठरवायचं. हा आकडा बहुतेक वेळा शेकडा एक-दोनच्या आतच असतो. ज्यांचं प्रजननाचं वय उलटत आलंय असे म्हातारे नर निवडायचे. मग बाहेरच्या श्रीमंत शिकाऱ्याकडून एकेका नरासाठी जबर शुल्क घ्यायचं आणि त्यातला मोठा भाग तिथल्या गावाला द्यायचा. ज्या जनावराने पिकं खाल्ली, शेळ्या मारल्या, ते जनावर गावाच्या उत्पन्नाचं साधन झालं की गावच त्याची राखण करेल, असा हा तर्क आहे.

हा तर्क सगळ्यात स्वच्छ उतरला तो बलुचिस्तानातल्या तोरघर डोंगरात. तिथे मारखोर नावाची रानबकऱ्याची जात आहे. पेचदार, पीळ दिलेली शिंगं हे तिचं वैशिष्ट्य. अफगाणिस्तानातल्या युद्धाच्या काळात या भागात बंदुका स्वस्त झाल्या आणि मारखोर संपत आले. १९८०च्या दशकाच्या मध्याला शंभराच्या आत उरले होते. तेव्हा तिथल्या पठाण टोळीच्या प्रमुखांनी स्वतःच ठरवलं की टोळीतल्या कुणीही मारखोर मारायचा नाही. टोळीतल्याच माणसांना पगारी राखणदार नेमलं, आणि पगार निघावा म्हणून वर्षाला मोजके म्हातारे नर परदेशी शिकाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. २००५च्या मोजणीत मारखोरांची संख्या अडीच हजारांवर गेली होती. पुढे गिलगिट-बाल्टिस्तान आणि चित्रालमध्येही ही पद्धत रुजली. तिथे शुल्कातला ८० टक्के हिस्सा गावाच्या समितीला मिळतो, आणि एका मारखोराचं शुल्क आता एक लाख डॉलरांच्या वर जातं. त्यातून शाळा झाल्या, पाण्याच्या योजना झाल्या. २०१५मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने मारखोराला संकटग्रस्त जातींच्या यादीतून वर काढून कमी धोक्याच्या गटात ठेवलं. डोंगरी, गरीब, बंदुकांनी भरलेल्या मुलखात हे घडलं, हे विशेष.

नामिबियाची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते, कारण तिथे मुद्दा हक्काचा होता. दक्षिण आफ्रिकेच्या अमलाखाली असताना तिथल्या गोऱ्या शेतमालकांना आपल्या जमिनीवरच्या वन्यप्राण्यांवर हक्क होता, शिकारीचं उत्पन्न त्यांना मिळे. काळ्या लोकांच्या सामूहिक जमिनींवर मात्र प्राणी सरकारचे, आणि तिथल्या माणसाने ससा मारला तरी तो चोर. स्वातंत्र्यानंतर १९९६च्या कायद्याने हा हक्क सामूहिक जमिनींवरच्या लोकांनाही मिळाला. लोकांनी आपल्या हद्दी आखल्या, सभासद नोंदवले, समित्या निवडल्या. आज अशा ८६ संस्था आहेत आणि देशाची जवळपास पाचव्या हिश्श्याची जमीन त्यांच्याकडे आहे. त्यांना पर्यटनातून पैसा मिळतो आणि शिकारीतूनही. शिकारीचं मांस गावात वाटलं जातं. कोरड्या, पर्यटक फिरकत नाहीत अशा भागांत शिकारीशिवाय दुसरं उत्पन्नच नाही.

पण याच खंडात उलटी उदाहरणंही भरपूर आहेत. सिंहाचा मोठा नर मारला की त्याचा कळप नव्या नराच्या ताब्यात जातो आणि नवा नर आधीची पिल्लं मारून टाकतो. एका गोळीत एक नर आणि त्याची पिल्लं, असा तो हिशोब होतो. म्हणून सहा वर्षांखालचा नर मारू नये असा नियम शास्त्रज्ञांनी सुचवला. तो मोजक्याच ठिकाणी पाळला गेला. आफ्रिकेबाहेर, कॅनडात राम माउंटन नावाच्या डोंगरावर रानमेंढ्यांचा अभ्यास झाला. सतत मोठ्या शिंगांचे नर निवडून मारल्याने पिढ्यांमागून पिढ्या शिंगं लहान होत गेल्याचं २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. दक्षिण आफ्रिकेने २०१६मध्ये बिबट्याच्या शिकारीचा कोटा शून्यावर आणला, कारण बिबटे नेमके किती आहेत हे कुणालाच सांगता येईना. २०१५मध्ये झिंबाब्वेत सेसिल नावाचा सिंह एका अमेरिकी दंतवैद्याने मारला, तेव्हा जगभर संताप उसळला. त्या संतापात झिंबाब्वेतल्या गावांचा विषय मात्र मागे पडला.

बंदी घातली की सगळं ठीक होतं, असंही नाही. केनियाने १९७७मध्ये शिकार पूर्ण बंद केली. त्यानंतरच्या चार दशकांत तिथल्या माळरानांवरचे वन्यप्राणी सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. याचं खापर बंदीवर फोडता येत नाही. लोकसंख्या वाढली, कुंपणं आली, गुरं वाढली. पण बंदीने हे थांबलं नाही, एवढं खरं. प्राणी गावाला काहीच देत नव्हता आणि गावाकडून मात्र चारा-पाणी घेत होता. मग गाव त्याला किती दिवस पोसणार?

आता आपल्याकडे वळू. आपणही परवान्याची शिकार केली आहे, आणि ती फार जुनी गोष्ट नाही. मुंबई राज्यात १९५१चा वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायदा होता. त्यात शिकारीचे परवाने होते, बंद हंगाम होते. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आपल्याला बंदीचा कायदा म्हणून माहीत आहे, पण त्याच्या मूळ मसुद्यात मोठ्या शिकारीसाठी वेगळं परिशिष्ट होतं, लहान शिकारीसाठी वेगळं, आणि त्या त्या शिकारीचे वेगळे परवाने होते. हे परवाने रद्द झाले ते १९९१च्या दुरुस्तीने.

त्याआधी, स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत, परदेशी पाहुण्यांना वाघ मारून देणाऱ्या कंपन्या मध्य भारतात चालत होत्या. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी काढलेली ॲल्विन कूपर ही त्यातली नावाजलेली. जंगलाचे गट पाडलेले असत, ठरावीक दिवसांसाठी एकेक गट राखून घेतला जाई, शुल्क भरलं जाई. कागदावर सगळं शिस्तीत होतं. परकीय चलन मिळतं म्हणून सरकारही खूश असे. शेवटी १९७०मध्ये वाघाची शिकार बंद करावी लागली, आणि १९७२च्या गणनेत देशात १,८२७ वाघ असल्याचा आकडा आला.

परवाने असूनही हे का फसलं? कारण वाघ मोजलेच नव्हते, म्हणून किती मारायचे हा आकडा हवेतला होता. परवान्याबाहेर किती मारले जातात यावर लक्ष नव्हतं. कातड्यांचा व्यापार उघड चालत होता. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे गावाच्या हाती त्यातलं काही लागत नव्हतं. गावातली माणसं हाकारे म्हणून लागत. डबे, ढोल बडवत वाघाला मचाणाकडे हुसकायचं आणि दिवसाची मजुरी घ्यायची. जखमी वाघ उलटला तर पहिला हाकाऱ्यावर. शुल्क सरकारला, नफा कंपनीला, कातडं साहेबाला. तोरघरच्या टोळीने ज्या कारणाने मारखोर राखला, ते कारणच इथे नव्हतं.

संस्थानिकांच्या शिकारीबद्दल एक गोष्ट मान्य करायला हवी. कोल्हापूर संस्थानाचं दाजीपूरचं राखीव शिकारीचं रान १९५८मध्ये गव्यांचं अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं. राजांनी शिकारीसाठी राखलं म्हणून ते कुऱ्हाडीपासून वाचलं. मात्र तिथेही राखण धाकाची होती, आणि धाक ओसरला की काय होतं ते देशभरातल्या इतर संस्थानी जंगलांनी १९४७नंतर पाहिलं.

नगर जिल्ह्यात या सगळ्याची एक वेगळी बाजू आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. कर्जत, श्रीगोंदा, जामखेडच्या माळांवर फासेपारधी समाज पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगत आला. फासे लावून तितर, लावे, ससे, हरणं धरायची, बाजारात विकायची किंवा खायची. त्यांना बंदूक परवडत नव्हती. मॅन्सफील्डसारख्यांच्या शिकारीची नोंद ग्रंथांत झाली. पारध्यांची नोंद गुन्हेगार जमाती कायद्याखाली पोलीस ठाण्यात झाली. तो कायदा १९५२मध्ये गेला. मग १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि त्यांचा पोटाचा धंदाच गुन्हा ठरला. मधल्या काळात त्यांना जमीन, शाळा, दुसरं काम यातलं जे मिळायला हवं होतं ते फार थोड्यांना मिळालं. हरीण कुठे वितं, तितर कोणत्या झुडपात रात्र काढतो, माळाच्या कोणत्या भागात गवत आधी वाळतं, हे ज्ञान या समाजाकडे होतं. विदर्भात अकोला-वाशीमकडे 'संवेदना' या संस्थेने फासेपारध्यांनाच बरोबर घेऊन गवताळ माळ आणि तणमोर पक्षी राखण्याचं काम उभं केलं. ज्यांना आपण शिकारी म्हणून हाकललं, तेच उत्तम राखणदार होऊ शकतात हे त्यातून दिसलं. नगरच्या माळांसाठी असा विचार मोठ्या प्रमाणावर व्हायला हवा होता, असं मला फार वाटतं.

झालं काय, तर कागदावर भलंमोठं अभयारण्य झालं. १९७९मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतला ८,४९६ चौरस किलोमीटरचा पट्टा माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाला. नगरमधले कर्जत, श्रीगोंदा आणि नेवासा तालुके त्यात होते. यातली बहुतेक जमीन लोकांच्या मालकीची, कसती जमीन. एका सहीने गावंच्या गावं अभयारण्यात गेली, आणि लोकांना ते कळलं तेव्हा जमिनीचे व्यवहार अडू लागले होते. मुलीच्या लग्नासाठी तुकडा विकायचा तरी अडचण, कारखाना काढायचा तरी अडचण. तोवर माळढोकाशी कुणाचं वैर नव्हतं. ज्वारी-करडईच्या रानात तो किडे, टोळ टिपत फिरायचा, कुणाला त्रास नव्हता. पण आता जमिनीच्या सगळ्या दुखण्याचं नाव माळढोक झालं. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोपर्यंत कालव्याचं पाणी आलं होतं, कोरडवाहू ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला होता, माळ नांगरले गेले होते. आज महाराष्ट्रात माळढोक जवळपास दिसत नाही.

मॅन्सफील्डच्या बंदुकीने माळढोक घटला, आणि अभयारण्याच्या बंदीने तो वाचला नाही. दोन्ही वेळी माळावर राहणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. शिकार की बंदी, या वादात हा धागा हरवतो आणि माझ्या मते हाच धागा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

कर्जत तालुक्यातच रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आहे. १९८०मध्ये जाहीर झालेलं, अवघं २.१७ चौरस किलोमीटरचं. काळविटांसाठी ते खरोखर उपयोगी ठरलं, कळप वाढले. पण हरणाला कुंपण कळत नाही. संध्याकाळी कळप बाहेर पडतो आणि हिरव्या ज्वारीत, हरभऱ्यात शिरतो. काळवीट पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. शेतकऱ्याने रात्रभर माळ्यावर बसून गोफण फिरवायची, डबे वाजवायचे, एवढंच त्याच्या हाती. भरपाई आहे, पण तिच्यासाठी अर्ज, पंचनामा, सातबारा, फेऱ्या. रोही आणि रानडुकरांच्या बाबतीत कायदा थोडा सैल आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर त्यांना मारायची परवानगी अधिकारी देऊ शकतो. केरळने २०२२मध्ये पिकं नासवणाऱ्या रानडुकरांबाबत हा अधिकार थेट स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिला. हा प्रयोग आपण बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण जिथे कायदेशीर वाट बंद असते तिथे लोक कुंपणाच्या तारेत वीज सोडतात. त्या तारेला डुक्कर चिकटतं, तसा बिबट्याही चिकटतो आणि कधी रात्री पाण्यावर निघालेला शेजारचा माणूसही.

आणि आता बिबट्या. याच्यावर थांबून बोलायला हवं, कारण नगरमध्ये शिकारीच्या परवान्याचा प्रश्न प्रत्यक्षात याच जनावराभोवती आहे.

१९५०मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांत प्रवरा, गोदावरी आणि मुळेच्या काठचा मुलूख उसाने भरला. ऊस बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो. आत गारवा असतो, पाणी असतं, माणूस फिरकत नाही. वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं, कोंबड्या. बिबट्याला यापेक्षा चांगलं रान कोणतं हवं? आता उसातच जन्मलेल्या बिबट्यांच्या पिढ्या झाल्या आहेत. त्यांनी डोंगर पाहिलेला नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जिल्ह्यातल्या अकोले खोऱ्यात कॅमेरे लावून अभ्यास केला. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे आणि जवळपास तितकेच तरस निघाले, तेही मोठं वन्य भक्ष्य नसलेल्या, माणसांनी भरलेल्या शेतमुलखात. बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीत खाण्याचा ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा निघाला आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. एवढे बिबटे असूनही त्या खोऱ्यात माणसांवरचे हल्ले विरळ होते.

अकोल्याच्या डोंगरी भागात महादेव कोळी आणि ठाकर समाज वाघोबाला पुजतात, वाघबारस पाळतात. वाघरू हा रानातला शेजारी आहे, त्याचा एक वाटा आहे, ही समजूत तिथे पिढ्यांची आहे. शेळी नेली तर वाईट वाटतं, पण सूड घ्यावा असं वाटत नाही. शहरातल्या माणसाने याचं कौतुक करून मोकळं व्हायचं आणि त्या शेळीची किंमत त्या गरीब घराने भरायची, हे मात्र बरोबर नाही.

शेजारच्या जुन्नर भागाने आपल्याला एक महागडा धडा दिला आहे. तिथे १९९३ ते २००१ या काळात बिबट्याचे माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. मग पिंजरे लावून बिबटे धरायचे आणि लांबच्या जंगलात सोडायचे, असा धडाका सुरू झाला. २००१ ते २००३ या काळात हल्ले वर्षाला सरासरी सतरावर गेले. बिबट्या आपली हद्द राखतो. त्याला उचललं की ती जागा मोकळी होते आणि तिथे नवखे, बहुधा तरुण बिबटे शिरतात. ज्याला उचललं तो अनोळखी मुलखात सैरभैर होतो, किंवा परतीच्या वाटेला लागतो. वस्तीजवळ दिसला म्हणून पकडायचा, या पद्धतीने धोका वाढला.

आता याच ठिकाणी परवान्याची शिकार आणली तर काय होईल ते पाहा. पैसे मोजणाऱ्या शिकाऱ्याला सगळ्यात मोठा, भरदार नर हवा असेल. असा नर म्हणजे बहुधा त्या हद्दीत मुरलेला, माणसाच्या वाटा ओळखून त्या टाळणारा प्राणी. तो गेला की जुन्नरला झालं तेच होणार. माणसावर हल्ला करणारा प्राणी वेगळाच असतो. तो ओळखायला ठसे, कॅमेऱ्यातले चित्र, अंगावरच्या ठिपक्यांची ठेवण जुळवावी लागते, आणि तेही रात्री उसाच्या बांधावर. शिवाय कोटा ठरवायचा कशावर? २०२२च्या अंदाजात महाराष्ट्रात १,९८५ बिबटे सांगितले आहेत, पण ती मोजणी मुख्यतः वाघांच्या जंगलपट्ट्यांतली आहे. उसातले बिबटे तिच्यात आलेलेच नाहीत. मारखोर उघड्या कड्यावर दुर्बिणीने मोजता येतो. उसातला बिबट्या तसा मोजता येत नाही. तोरघरचा डोंगर एका टोळीच्या ताब्यात होता. नगरचा ऊस दोन-चार एकरांच्या हजारो खातेदारांचा आहे. बिबट्या एका रात्रीत पाच गावांच्या शिवारांतून जातो. त्याच्या शुल्कातला वाटा कोणत्या गावाचा? म्हणून बिबट्याच्या परवान्याच्या शिकारीला माझा विरोध आहे. प्राणिमात्रांच्या दयेपोटी मी हे म्हणत नाही. या जनावराच्या आणि या जमिनीच्या बाबतीत तो हिशोब जुळत नाही.

माणसं मारणाऱ्या बिबट्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी कायद्यात कलम ११ आहे. पहिल्या परिशिष्टातला प्राणी माणसाच्या जिवाला धोका झाला असेल, आणि त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकांची खात्री पटली, तर ते लेखी आदेशाने त्याला मारायची परवानगी देतात. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कलमात आहे. अडचण अंतराची आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपुरात. लेकरू गेल्यावर आदेश यायला जे दिवस जातात, त्या दिवसांत गावाचा वनखात्यावरचा विश्वास संपतो. मग पिंजरा दिसेल त्या बिबट्यासाठी लागतो, आणि पकडलेला बिबट्या तोच होता की नाही हे कुणालाच नीट सांगता येत नाही. ठसे आणि कॅमेऱ्याचा पुरावा तपासून चोवीस तासांत निर्णय देणारी, जिल्हा पातळीवरची तज्ज्ञ समिती हवी. दोषी बिबट्या लगेच जायला हवा. तो गेला तर बाकीच्यांना जगू द्यायला गाव तयार होतं.

परवान्याच्या शिकारीतून आपण घ्यायचं ते बंदूक नव्हे, तिच्यामागची वाटणी. प्राणी जिथे राहतो तिथल्या लोकांना त्याच्याबद्दल काही अधिकार आणि काही उत्पन्न मिळालं पाहिजे. अकोल्यासारख्या तालुक्यात याला कायद्याचा आधार आहे. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ने ग्रामसभेला आपल्या हद्दीतलं वन, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येणाऱ्या पर्यटकांचा पैसा आज तंबूवाल्यांपर्यंत, काही घरांपर्यंत पोचतो. तो ग्रामसभेच्या हिशोबात यायला हवा, आणि शेळी गेलेल्या घराला आठवड्याच्या आत त्यातून मदत मिळायला हवी. माणूस दगावला तर राज्य सरकार पंचवीस लाख देतं. पण ज्या घराची एकच दुभती गाय आहे, तिच्यासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं आणि राग तिथेच साठतो.

उसाच्या पट्ट्यात वनजमीन नाही, म्हणून वनहक्क कायदा तिथे पोचत नाही. तिथे गावाची खरी संस्था म्हणजे साखर कारखाना. कोणत्या गटात कधी तोड पडणार याचा कार्यक्रम कारखान्याच्या शेतकी खात्याकडे असतो. तोडीच्या वेळी उसात बछडे सापडतात, घाबरलेली मादी आसपास असते, आणि ऊसतोड कामगारांची पोरं पाचटाच्या कोपीत झोपलेली असतात. हल्ल्याचा धोका तेव्हा फार मोठा असतो. तोडीचा कार्यक्रम वनखात्याच्या पथकाला आठवडाभर आधी मिळाला, फडाजवळच्या कोप्यांना पत्र्याचं दार आणि दिवा मिळाला, बछडे सापडले की तोड थांबवून ते रात्री आईकडे परत जातील अशी व्यवस्था झाली, तर कितीतरी जीव वाचतील. बछडे आणि मादी यांची अशी भेट घडवून आणण्याचं काम जुन्नरच्या पथकांनी अनेकदा करून दाखवलं आहे. याला पैसा लागतो. ऊसबिलातून टनामागे किती तरी कारणांसाठी कपात होते. त्यात रुपयाभराची कपात बिबट्यासाठी झाली तर बंदिस्त गोठे, कामगारांची सुरक्षा आणि तातडीची भरपाई यांचा निधी कारखान्याच्याच पातळीवर उभा राहील, आणि तो कसा खर्च होतो हे सभासद वार्षिक सभेत विचारू शकतील.

राहिला विजेचा प्रश्न. शेतीला थ्री-फेज वीज रात्रीची असेल तर शेतकरी रात्रीच दारं धरायला जाणार, वाकून पाणी फिरवणार, आणि वाकलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही. दिवसा सौरवीज देण्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा सुरुवातीचा प्रकल्प याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला उभा राहिला. ती वीज बिबट्याच्या पट्ट्यातल्या फीडरांना सगळ्यात आधी मिळाली पाहिजे.